घरदुरुस्ती कार्यालय, तारोडी

हापिसर आमच्या घरी सुके बोंबील आणून द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही. पिशवी सुमनच्या हातात दिली की शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद निघायचा. त्यावर आधीच लिहिलेलं असायचं, 'सुके बोंबील, एक पिशवी, सुस्थितीत मिळाले.' खाली सही आणि तारखेसाठी जागा. सुमन म्हणजे माझी बायको. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण मी पुढे केलेल्या एकाही कागदावर तिने कुरकुर केल्याशिवाय सही केलेली नाही. ती हापिसरच्या कागदावर मात्र हात पुसून, हसत हसत सही करायची. "वहिनी, वेळ पन टाका," तो म्हणायचा. ती वेळही टाकायची. मी आतल्या खोलीत पेपर वाचत असल्याचं दाखवायचो आणि माझ्या पोटात दुखायला लागायचं.

कारण पोच ही माझी विद्या. राज्य सरकारच्या एका खात्यात मी चौतीस वर्षं काढली. आस्थापना शाखेत लिपिक म्हणून चिकटलो आणि अधीक्षक म्हणून सुटलो. कुठलं खातं ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. पोच कुणी मागायची, कुणी द्यायची, कुणी टाळायची आणि टाळताना चेहरा कसा ठेवायचा, हे मला जितकं कळतं तितकं आमच्या मजल्यावर कुणाला कळत नव्हतं. हापिसरने ती विद्या माझ्याकडून चहा पिता पिता घेतली आणि माझ्यापेक्षा चांगली वापरली. आता तो नाही. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये असं सुमन म्हणते. मी प्रयत्न करून पाहिला, जमत नाही.

त्याचं खरं नाव बस्त्याव. राहणारा तारोडीचा, म्हणजे भाईंदरपलीकडच्या समुद्राकाठच्या ख्रिस्ती गावाचा. भाईंदरला स्टीलची भांडी करणाऱ्या एका कारखान्यात तो फिटर होता आणि तिथूनच निवृत्त झाला. डावा अंगठा यंत्रात सापडून चपटा झालेला, आवाज मऊ, आणि चालताना मान थोडी पुढे. त्याच्याकडे पाहून हा माणूस कुणाच्या वाटेला जाईल असं वाटायचं नाही. पण त्याच्या घराची मागची भिंत बाहेरच्या बाजूला कलली होती. तिला बाहेरून दोन वाशांचे टेकू लावले होते आणि आतून तिला लागूनच त्याच्या आईची खाट होती. म्हातारी ऐंशीच्या पुढची, ती खाट हलवू द्यायची नाही. "ह्याच भितीकडं तू जल्मलास," एवढंच म्हणायची. भिंत पाडून नवी बांधायची तर परवानगी हवी, कारण घर समुद्राजवळ. आणि परवानगी देणारं कार्यालय ती देतही नव्हतं, नाकारतही नव्हतं. दोन पावसाळे असेच गेले. तिसऱ्यात भिंत टिकेल असं गावात कुणालाच वाटत नव्हतं, आणि म्हातारी तर तिच्याखालीच झोपत होती.

बस्त्यावला एक खोड होती. समोरचा जे बोलेल ते तो खरं धरायचा. चौथ्यांदा तो त्या कार्यालयात गेला तेव्हा खिडकीतले बाबू म्हणाले, "तुमचा अर्ज सापडत नाही, कुठेतरी हरवला असेल." बस्त्याव म्हणाला, "मंग शोधू या." आणि तो टेबलाला वळसा घालून सरळ आत गेला. बाबू म्हणाले, "अहो, असं आत येता येत नाही." बस्त्याव गुडघ्यांवर बसला होता. तो खालूनच म्हणाला, "तुमाला कामं हायत, साहेब. मना वेळ हाय. मी शोधतो." कपाटाखालून त्याने धुळीने माखलेला एक गठ्ठा ओढून काढला. त्यात त्याचा अर्ज नव्हता, पण दुसऱ्यांचे अठरा होते. ते घेऊन तो व्हरांड्यात आला आणि शाळेत हजेरी घेतात तसं एकेक नाव वाचू लागला. त्यातले दोघे तिथेच रांगेत उभे होते, त्यांनी हात वर केले. एका नावाला मागून कुणी तरी म्हणालं, "वो तो गुज़र गए." बस्त्यावने त्या अर्जावर तसं पेन्सिलीने लिहिलं आणि गठ्ठा नीट बांधून बाबूंच्या टेबलावर ठेवला.

ही हकिगत मला सांगितली नया नगरच्या एका टेलरमास्तरांनी. हात वर करणाऱ्या दोघांपैकी ते एक. निवृत्तीनंतर गिरगावातली खोली विकून आम्ही मीरा रोडला आलो, तेव्हा सोसायटीच्या ऑफिसात मला एक टेबल मिळालं होतं. तिथे बसून सकाळी दहा ते बारा मी लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. फुकट. टेलरमास्तर माझं जुनं गिऱ्हाईक. "अंकल, आपका लिखा हुआ कभी वापस नहीं आता," ते सगळ्यांना सांगायचे. ते खरं होतं. माझा अर्ज परत येत नसे. तो पुढेही जात नसे, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. लोक दारातूनच वाकून नमस्कार करायचे आणि मी चष्मा कपाळावर चढवून "बसा" म्हणायचो. माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस होते. एक दिवस मास्तर बस्त्यावला घेऊन आले.

मी त्याचे कागद पाहिले आणि म्हणालो, "ठेवून जा. मंगळवारी या." का म्हणालो, देव जाणे. मला त्या दिवशी दुसरं काहीच काम नव्हतं. मंगळवारी तो आला, तर मी शुक्रवारी या म्हणालो. तारोडीहून भाईंदरपर्यंत बस, मग स्टेशनचा पूल ओलांडून रिक्षा, असं करत तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं. म्हणून मी चहा मागवला आणि अर्ज लिहून देण्याऐवजी त्याला ज्ञान दिलं. म्हणालो, "हे पाहा, अर्ज हा कधी कामाचा कागद नसतो. अर्ज म्हणजे बाहेरच्या माणसाचा कागद. तो खाली जातो. एका कार्यालयाचं दुसऱ्या कार्यालयाला पत्र आलं, वर जावक क्रमांक, विषय, संदर्भ, खाली 'प्रत माहितीसाठी' असं सगळं असलं, की तो गठ्ठ्याच्या वर राहतो. त्याला उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर स्मरणपत्र येतं, आणि स्मरणपत्राला सगळे घाबरतात." मी असं बरंच बोललो. उजव्या बाजूला नाही, डाव्या बाजूला पाव भाग समास का सोडायचा, हेही सांगितलं.

तो अंगठा चोळत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे भाऊसाहेब, मी हापिस असतो तर त्यांनी उत्तर दिलं असतं?"

"द्यावंच लागलं असतं," मी म्हणालो आणि हसलो. तो हसला नाही. मी त्याला पुन्हा मंगळवारी यायला सांगितलं. मंगळवारी तो आला नाही.

त्याने हापिस काढलं होतं. कारखान्यातून मोडीत निघालेलं लोखंडी टेबल त्याने घराच्या ओट्यालगतच्या पुढच्या खोलीत मांडलं. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकला, कारण साहेबाच्या खुर्चीवर टॉवेल असतो हे त्याने पाहून ठेवलं होतं. टेबलावर घंटी, एक आवक वही, एक जावक वही, आणि भाईंदरला करून घेतलेले दोन शिक्के. दारावर पाटी लावली, 'घरदुरुस्ती कार्यालय, तारोडी. अभ्यागतांसाठी वेळ दुपारी ३ ते ४.' शेजाऱ्यांनी विचारलं, हे सरकारी आहे का? तो म्हणाला, "सरकारी हाय असं कुटं लिवलंय? माजं घर, माजी दुरुस्ती, माजं हापिस." त्या दिवसापासून गाव त्याला हापिसर म्हणू लागलं. त्याने पहिलं पत्र काढलं. जावक क्रमांक एक. विषय, तारोडी येथील घराची मागील भिंत. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर बाब आपल्या कार्यालयाकडे प्रलंबित असल्याचे दिसून येते. तरी याबाबतचा अहवाल सात दिवसांत या कार्यालयास सादर करावा.' खाली सही. त्याखाली, प्रत माहितीसाठी, आई.

आठव्या दिवशी उत्तर आलं. टेलरमास्तरांनी त्याचा फोटो मोबाइलवर आणून दाखवला. त्या कार्यालयाने लिहिलं होतं, 'अहवाल सादर करण्यास पंधरा दिवसांची मुदतवाढ मिळावी, ही विनंती.' मी तो फोटो बोटांनी मोठा करून तीनदा वाचला. सही खरी होती, शिक्का खरा होता. कुणीही विचारलं नव्हतं की हे कार्यालय कुठलं. कागद बरोबर दिसला आणि हातांनी आपलं काम केलं. मला त्यात नवल वाटलं नाही, त्या खुर्चीवर मी असतो तरी हेच केलं असतं. मला लागलं ते वेगळंच. चौतीस वर्षांत मी कितीतरी वेळा मुदतवाढ मागितली होती. माझ्याकडे कुणीही, कधीही मागितली नव्हती. मी मास्तरांना विचारलं, "मग दिली का त्याने?" मास्तर म्हणाले, "चार दिन की दी है. बोला, ज़्यादा नहीं मिलेगी, बारिश आ रही है."

घरी येऊन मी सुमनला हे सांगितलं, जरा थट्टेच्या सुरात. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही चौतीस वर्षं ज्यांना घाबरलात, त्यांना या माणसाने चार दिवस दिले." मी म्हणालो, "अगं, पण हे सगळं त्याला मी सांगितलं." ती म्हणाली, "हो ना. तुम्ही सांगितलंत, त्यांनी केलं." आणि पुढच्या रविवारी तारोडीला जायचा हट्ट धरला, तो माणूस बघायचाय म्हणून. त्या रविवारी ओळख झाली, आणि तिथून बोंबील सुरू झाले.

स्थळपाहणीला त्या कार्यालयाचे साहेब येणार, असं पत्र आलं तेव्हा हापिसरने आम्हाला मुद्दाम बोलावलं. साहेब मोटारसायकलवरून दुपारी दोन वाजता आले. हापिसरची आई दाराशी पाटावर बसली होती. म्हणाली, "साहेब जेवतात. बसा." साहेब ओट्यावरच्या बाकावर बसले. शेजारी एक कोंबडी होती, ती उठली नाही. म्हातारीने विचारलं, "काम काय हाय?" साहेब म्हणाले, "भिंत बघायची आहे." म्हातारी म्हणाली, "मंग चिठी द्या." साहेबांनी खिसे चाचपले, डायरीचं पान फाडलं, त्यावर नाव आणि काम लिहिलं आणि दिलं. ती चिठ्ठी आत गेली. आत हापिसर ताटावर नव्हताच, तो टॉवेल झटकत होता. बरोबर तीनला घंटी वाजली आणि साहेबांना आत पाठवलं. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. साहेबांचा चेहरा मी ओळखला. रागाचा नव्हता तो. आपण कुठे आलो आहोत हे नक्की माहीत असलेल्या माणसाचा होता. घंटी, टॉवेल, बाक आणि वाट पाहणं, यात ते लहानाचे मोठे झाले होते. त्यांनी भिंत मोजली, टेकू पाहिले, खाटेपाशी जरा थांबले आणि 'तातडीने दुरुस्ती आवश्यक' असं लिहून दिलं. हापिसरने त्यांना पोच दिली. मग चहा, आणि चहाबरोबर म्हातारीच्या हातची नानकटाई.

आता फक्त वरच्या सहीचा प्रश्न उरला होता. तोवर हापिसरचं नाव घोडबंदरपर्यंत पोचलं. दुपारी तीन ते चार ओट्यावर रांग लागू लागली. कुणाचा नळ, कुणाचा दाखला, कुणाचं बापाच्या नावावरून आपल्या नावावर करायचं घर. तो प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचा, "अर्ज करू नको. हापिस काढ." घोडबंदरला एका विधवा बाईने 'नळजोडणी कार्यालय' काढलं आणि तिला म्हणे पाहणीची तारीख मिळाली. माझ्या टेबलाशी मात्र माशा घोंगावायला लागल्या. एक दिवस दहा वाजून गेले तरी कुणी नव्हतं. शेवटी एक तरुण बाई कागदांची पिशवी घेऊन आली. मी चष्मा कपाळावर चढवला, "बसा" म्हणालो. ती उभीच राहिली. म्हणाली, "अंकल, वो तारोडीवाले ऑफिसर के यहाँ कौनसी बस जाती है?"

मी तिला बसचा नंबर सांगितला. मग दार लावून घेतलं आणि एक कोरा कागद पुढे ओढला.

हे लिहिताना आजही माझे कान तापतात, पण लिहितो. 'विषय, तारोडी येथे अनधिकृत कार्यालय चालविले जात असल्याबाबत. महोदय, सदर इसमाने कार्यालय अशी पाटी लावून आपली दिशाभूल चालविली आहे.' मुद्दे काढले पाच. प्रत्येकाला क्रमांक दिला. 'तरी शहानिशा होऊन उचित कार्यवाही व्हावी, तोपर्यंत कोणतीही परवानगी देण्यात येऊ नये.' खाली लिहिलं, एक जागरूक नागरिक. अक्षर बदलून काढलं होतं. निनावी तक्रारीची दखल घ्यायची नसते हा नियम मला तोंडपाठ होता, आणि ती घेतली जाते हेही मला ठाऊक होतं. मी स्वतःला सांगितलं की यात त्या भिंतीचा काही संबंध नाही, मी फक्त शिस्तीचं बोलतोय. पत्र टाकायला मी मुद्दाम दोन स्टॉप पुढच्या पेटीपर्यंत चालत गेलो. घरी आलो तेव्हा सुमनने विचारलं, "आज इतके कसे खुशीत?"

आठवड्याने खुशी उतरली. सही व्हायला गेलेली फाइल थांबली. हापिसरला नोटीस आली, 'सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा प्रकरण बंद करण्यात येईल.' मे महिना अर्धा संपला होता. तो नोटीस घेऊन माझ्याकडेच आला. बरोबर तक्रारीची प्रतही जोडलेली. प्रत त्याने माझ्या टेबलावर सरळ करून ठेवली आणि तळव्याने तिच्या घड्या मोडल्या. मी चष्मा काढून पुसायला घेतला. मी विचारलं, "कुणी केलं असेल हे?"

"ठाव न्हाय," तो म्हणाला. "पन ज्यानं लिवलं त्याला काम येतं. बघा, पाव भाग समास सोडलाय. मुद्द्यांना नंबर दिलेत. असा मानूस आपल्या हापिसात पायजे होता." त्याने प्रत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "भाऊसाहेब, इतक्या चांगल्या पत्राला मना उत्तर लिवता येनार न्हाय. तुमी लिवा. आई अजून तितंच झोपते."

त्याने मंगळवारी येऊ का असं विचारलं नाही. तो समोरच्या खुर्चीवर बसून राहिला आणि मी लिहायला घेतलं. आयुष्यात इतकं मन लावून मी कधीच लिहिलं नव्हतं. माझा एकेक मुद्दा मी स्वतः हाणून पाडला. 'निनावी तक्रारीची दखल घेऊ नये, असे असताना ती कोणत्या आधारे घेण्यात आली याचा खुलासा व्हावा.' 'कार्यालय हा शब्द आपल्या ओट्यावर लिहिण्यास पूर्वपरवानगी लागते असा नियम असल्यास त्याची प्रत पुरवावी, म्हणजे त्याप्रमाणे अर्ज करता येईल.' 'सदर कार्यालयाने कोठेही शासकीय असल्याचे म्हटलेले नाही. आपल्या कार्यालयाने मुदतवाढ मागितली, ती देण्यात आली, इतकेच.' 'भिंत पडून जीवितहानी झाल्यास जबाबदारी कोणाची राहील, ते नावानिशी कळवावे.' हे शेवटचं वाक्य लिहिताना मी मध्येच थांबलो, कारण नावानिशी उत्तर मला माहीत होतं. आणि मग, का कोण जाणे, मी आणखी एक ओळ लिहिली, 'तक्रारदाराने ही तक्रार केवळ हेव्यापोटी केल्याचे दिसून येते.'

हापिसरने मसुदा ओठ हलवत वाचला. त्या शेवटच्या ओळीवर चपटा अंगठा ठेवला. म्हणाला, "एवढी काढू या. तो बिचारा कुटं आपल्याला भेटनार हाय? उगाच त्याला कशाला लागंल असं लिवायचं." मी ती ओळ खोडली. त्याने नवीन प्रत काढायला लावली, सही केली, जावक क्रमांक टाकला आणि बस पकडायला गेला.

नावानिशी कळवण्याची वेळ कुणावर येऊ नये म्हणून असेल, पण पाचव्या दिवशी परवानगी निघाली. गाव कामाला लागलं. कुणी चिरे आणले, कुणी हातभार लावला. कारखान्यातले त्याचे जुने सोबती सुट्टी काढून आले. म्हातारीची खाट चार दिवस शेजारच्या घरात गेली, ती जाताना रडली आणि परत येताना भांडली, की खाट वीतभर सरकली म्हणून. भिंत सरळ उभी राहिली, तिला चुना लागला, आणि एका रविवारी घराला आशीर्वाद द्यायला पाद्री आले. आम्हा दोघांना जेवायला बोलावणं होतं. मी येत नाही म्हणालो. सुमन म्हणाली, "खुलासा तुम्ही लिहिलात आणि जेवायला मी एकटी जाऊ?"

गेलो. हापिसातलं टेबल मधोमध घेऊन त्यावर पानं मांडली होती. गरम फुगे, म्हणजे मैद्याचे गोल तळलेले पाव, येत होते, मासे होते, मटण होतं. पंचवीस-तीस माणसं, सगळी एकाच वेळी बोलणारी. मला वाटलं, आता हा उठून माझं कौतुक करेल, आणि मला ते हवंही होतं आणि नकोही होतं. त्याने तसलं काही केलं नाही. सगळ्यांची जेवणं अर्धी झाल्यावर तो आईला हाताला धरून घेऊन आला, माझ्या खुर्चीपाशी. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून जरा मोठ्याने म्हणाला, "आई, हे भाऊसाहेब. आपल्या भितीसाठी ह्यांनी दोन पत्रं लिवली."

सुमन माझ्या शेजारीच होती. ती म्हणाली, "दोन कुठली? एकच ना, तो खुलासा?"

"दोन, वहिनी," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "दोनी माज्या फायलीत लावलेली हायत. दोनी लई चांगली लिवलीत."

एवढंच बोलून तो फुगे वाढायला पुढे गेला. पुढेही कधी त्याने तो विषय काढला नाही, जाईपर्यंत नाही. मी त्याच्या जागी असतो तर नाव घेतलं असतं. पाद्री होते, गाव होतं, माझी बायको होती, इतकी चांगली संधी मी सोडली नसती. तिथे बसल्या बसल्या मला त्याचा जितका हेवा वाटला तितका त्याच्या पत्राला उत्तर आलं तेव्हाही वाटला नव्हता. त्याच्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने माझा उष्टा हात तसाच आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "बरं केलंस, बाबा. देव तुजं भलं करो." तिची पकड घट्ट होती. पाठीमागे ती नवी भिंत होती. मला हात सोडवून घेता येईना.